तारापूरची उतरण

देवास
१९ सप्टेंबर २०२४

प्रिय वल्लू,

फोनवर आपण दोघी बहिणी भाजीच्या भावापलीकडे जात नाही, म्हणून बाबांनी लावलेल्या सवयीप्रमाणे कागद पुढे ओढला. परवा गणपती पोचवले. आरास काढल्यावर खोली मोठी वाटते आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून सण संपला की काय करायचं हा प्रश्न मला पडतो.

आता मुद्द्याचं. इंदूरच्या डॉक्टरांनी दिलेलं नवं कॅलिपर महिनाभर वापरून झालं. जुन्या लोखंडी पट्ट्यांपुढे हे काहीच नाही, इतकं हलकं. पाय तोच आहे, लहानपणच्या पोलिओने वाळलेला, पण आता तो माझ्या मागून फरफटत येत नाही, बरोबर येतो. गेल्या मंगळवारी मी देवीच्या टेकडीवर रोपवेने न जाता पायऱ्यांनी गेले. वर पोचल्यावर पुजाऱ्याने विचारलं, "मास्तरीणबाई, आज रोपवे बंद आहे का?"

मला तुझ्याकडे एक मागायचं आहे. मांडवगडच्या तारापूर दरवाज्यातून खाली निमाडात उतरणारी जुनी दगडी वाट आहे ना, ती मला तुझ्याबरोबर एकदा उतरायची आहे. सकाळी वरून निघायचं, दुपारपर्यंत खाली.

का, ते तुला सांगायला नको, तरी सांगते. आपल्या प्रत्येक सहलीत मी पायथ्याशी सामानाजवळ बसले. तुम्ही सगळे वरून यायचात आणि तू मला काय काय पाहिलंस ते सांगायचीस. छान सांगायचीस. पण मी एकसष्ट वर्षांची झाले, आणि आता मला ऐकायचं नाही, जायचं आहे.

आणखी एक. माझी विद्यार्थिनी नेहा पाटीदार बँकेच्या बदलीने धारला आली आहे. एकटी राहते. तुझ्या रविवारी फिरायला जाणाऱ्या बायकांमध्ये तिला घे.

उमाशंकररावांना नमस्कार. तुला आशीर्वाद.

ताई


धार
१ ऑक्टोबर २०२४

ताई,

तुझं पत्र मी पोस्टमनसमोरच फोडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. जाऊ या. नक्की जाऊ या. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुझ्या ताई आमच्या आधी खाली पोचतील.

दरवाज्यापर्यंत मी गेलेली आहे, खाली नाही. वरून बघितलं की वाट वळत वळत झाडीत शिरते आणि मग एकदम खाली निमाडाची शेतं दिसतात, पाटावर रांगोळी काढल्यासारखी. आत्ता पावसाने सगळं शेवाळलंय. दिवाळी होऊ दे, दगड सुकू देत, गवत बसू दे. तेव्हा मांडूला सीताफळंही मस्त येतात.

नेहा आली गं आमच्यात. गोड पोरगी आहे. पहिल्याच दिवशी तुझी इतकी तारीफ केली की माझ्या मैत्रिणी म्हणायला लागल्या, "भाभी, अपनी दीदी को कभी लाओ तो सही." मी म्हटलं येणारच आहे, तारापूर उतरायला येणार आहे. सगळ्या बघतच राहिल्या.

तू बेत आखून पाठव. तू आखलेला बेत म्हणजे गणिताचा पेपर, त्यात चूक निघत नाही. मी फक्त चालीन.

वल्लू


देवास
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय वल्लू,

बेत असा आहे. उतार पश्चिमेच्या अंगाला आहे, म्हणजे सकाळी सावली राहील. मी आदल्या दिवशी तुझ्याकडे मुक्कामाला येते. पहाटे धारहून निघून उजाडता उजाडता दरवाज्याशी पोचायचं. पाणी दोघींनी आपापलं घ्यायचं, वाटेत मिळेल या भरवशावर राहायचं नाही. जिथे वाट वळते तिथे तिथे थांबायचं, मग दम लागलेला असो वा नसो. खाली तारापूर गावात जीप उभी राहील. माझ्या शाळेतल्या मालनबाई तुला आठवत असतील. त्यांचे भाऊ यशवंतराव धरमपुरीला जीप चालवतात, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. त्यांच्या घरून आपल्याला दाल-पानिये येणार आहेत. जेवून जीपने मोठ्या रस्त्याने पुन्हा वर.

तारीख रविवार, २४ नोव्हेंबर.

मी रोज टेकडीवर सराव करते आहे. चढणं सोपं असतं हे मला आत्ता कळलं. उतरताना आधी दुबळा पाय खाली टाकायचा, मग काठी, मग चांगला पाय. घाई केली की क्रम चुकतो. नवरात्रात गर्दी होती तेव्हा एका पोराने मला "आजी, बाजूला व्हा" म्हटलं. मी बाजूला झाले नाही, तोच गेला वळसा घालून. चांभाराकडून बुटाला जाड रबरी तळ लावून घेतला आहे. दुसरी काठीही घेतली.

रात्री झोपताना मी ती वाट मनात उतरते. अजून पाहिलेली नाही, तरी उतरते.

ताई


धार
२६ ऑक्टोबर २०२४

ताई,

फराळाची धांदल आहे म्हणून थोडक्यात लिहिते.

मी आणि हे काल मांडूला जाऊन आलो. दरवाज्याच्या खाली थोडं उतरून पाहिलं. खरं सांगू, अवघड आहे गं. वरचे दगड ठीक आहेत, पण पुढे पावसाने फरशी उचलून नेली आहे आणि सगळे सुटे गोटे. एका कड्याला आग्या मोहोळ लटकलेलं आहे. ह्यांचाच पाय दोनदा घसरला.

मला एक सुचलं. आमच्या मंडळातल्या बायकाही यायचं म्हणतायत. तर असं केलं तर? तू रूपमतीच्या मंडपात बैस, तिथून सगळं निमाड दिसतं, हवा पण फर्स्टक्लास. आम्ही उतरतो. जीपवाल्याने तुला वरून घ्यावं आणि खाली आणावं, मग सगळ्या मिळून जेवू. तुलाही मजा आणि मलाही जिवाला घोर नाही.

विचार कर. रागावू नकोस.

वल्लू


देवास
७ नोव्हेंबर २०२४

प्रिय वल्लू,

रागावले नाही. पण मंडपात बसणार नाही. मंडपात बसून निमाड पाहायचं असतं तर त्यासाठी चांभाराकडे खेपा घातल्या नसत्या.

तुझ्या मैत्रिणींना खुशाल घे. माझी हरकत नाही. आणि तुला माझ्या चालीने चालायची गरज नाही हे मी लिहून देते. तुम्ही पुढे व्हा. मी मागून येईन, नेहा असेल सोबतीला, तिला मी विचारते. मला तुझा हात नको आहे, वल्लू. मला फक्त त्या वाटेवर तू पुढे कुठेतरी आहेस एवढं हवं आहे.

सुट्या दगडांचं म्हणतेस ते मी लक्षात ठेवते. तिथे बसून सरकायचं. लाज कसली.

मी शनिवारी दुपारच्या बसने येते.

ताई


धार
१५ नोव्हेंबर २०२४

ताई,

वाईट बातमी आहे. वाट बंद झाली. तारापूरच्या बाजूला तेंदुआ दिसला म्हणे, बिबट्या, एका बकरीला उचलून नेलं. वन विभागाने वरच माणूस बसवलाय, कुणालाच उतरू देत नाहीत. ह्यांनी ओळखीच्या वनरक्षकाला विचारलं, तो म्हणाला, निदान होळीपर्यंत तरी विसरा.

मला इतकं वाईट वाटलं की काल जेवण गेलं नाही. तू किती तयारी केलीस. पण जिवापेक्षा का मोठं आहे काही? यशवंतरावांना मी फोन करून नाही म्हणून सांगते, तू त्रास घेऊ नकोस. नेहालाही मीच सांगेन.

पुढच्या वर्षी जाऊ. शब्द देते.

वल्लू


देवास
१९ नोव्हेंबर २०२४

प्रिय वल्लू,

तुझं पत्र वाचून मी बूट कपाटात ठेवून दिले. मग पुन्हा काढले, कारण टेकडीवर तर बिबट्या नाही.

तू जेवण टाकू नकोस. तुझा काय दोष. उलट तू आधी जाऊन पाहिलंस, चौकशी केलीस, म्हणून मी तिथवर येऊन परत फिरायची वाचले. होळीपर्यंत पायाला आणखी सराव होईल. बिबट्यालाही कुठेतरी राहायला हवंच ना.

रविवारी मी इथेच थोडी लांब चक्कर मारीन आणि तुझी आठवण काढीन.

ताई


देवास
९ डिसेंबर २०२४

वल्लरी,

काल नेहा आली होती. दारात उभी राहून माझ्याकडे पाहतच राहिली. हातात प्रसादाची पिशवी.

"मॅडम, आप तो बिलकुल ठीक लग रही हैं," ती म्हणाली.

मी म्हटलं, "मला काय झालं होतं?"

"वो चक्कर वाला. वल्लरी आंटी ने बताया था ना, डॉक्टर ने बिस्तर से उठने को मना किया है. इसीलिए तो आप तारापुर नहीं आ पाईं. मैं फोन करने वाली थी, आंटी बोलीं अभी आराम करने दो, आवाज़ से थकान होती है."

मी तिला पाणी दिलं. मग म्हटलं, "तारापूरला तर बिबट्या आहे."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. "कौन सा तेंदुआ, मॅडम? उस इतवार को हम सब उतरे ना. आंटी तो सबसे आगे. हम आवाज़ देते रह गए, वो रुकी ही नहीं. नीचे जीप खड़ी थी, दाल-पानिये आए. सब बोले, कितना बढ़िया इंतज़ाम किया है."

मग माझा चेहरा पाहून ती थांबली. हुशार मुलगी आहे. पिशवीतला प्रसाद तिने माझ्या हातावर ठेवला. तुझ्या मैत्रिणींनी दुसऱ्या दिवशी गढ कालिकेला माझ्या प्रकृतीसाठी नारळ चढवला होता. त्यातला वाळलेला तुकडा मी तिच्यासमोर खाल्ला, कारण न खाल्ला असता तर तिला वाईट वाटलं असतं.

तू मी ठरवलेल्या तारखेला गेलीस. मी ठरवलेल्या वळणांवर थांबलीस, किंवा थांबलीही नाहीस. मी सांगितलेल्या जीपमध्ये बसलीस आणि माझ्यासाठी रांधलेलं जेवलीस. आणि वरून मला आजारी पाडलंस. त्याच वेळी मी इथे टेकडी उतरत होते आणि मनात म्हणत होते, वल्लू बिचारी हळहळत असेल.

मी तुला काय विचारू तेच मला कळत नाही. म्हणून काही विचारत नाही.

ताई


धार
१४ डिसेंबर २०२४

ताई,

तू फोन उचलत नाहीस. माझं ऐकून तर घे.

बिबट्या दिसला होता ते खरं आहे. तुला लिहिलं तेव्हा वाट बंदच होती. शनिवारी संध्याकाळी त्या वनरक्षकाचा ह्यांना फोन आला की उघडली, उद्या जाऊ शकता. इतक्या उशिरा तुला देवासहून कसं बोलावणार? बायका मागे लागल्या, म्हणाल्या चला, म्हणून गेलो. जीपवाल्याला ऐनवेळी फोन करून बोलावलं. आजारपणाचं म्हणशील तर सगळ्या सारख्या विचारत होत्या, दीदी का नाही आली, दीदी का नाही आली, आणि माझ्या तोंडून निघून गेलं. नारळाचं तर मला माहीतच नव्हतं.

नेहाने उगीच तिखटमीठ लावून सांगितलं असेल. या आजकालच्या पोरी.

संक्रांतीला हळदीकुंकू आहे, तू ये. समोरासमोर बोलू.

वल्लू


देवास
१८ डिसेंबर २०२४

वल्लरी,

मी यशवंतरावांना फोन केला. ते म्हणाले, जीप रद्द करायचा फोन त्यांना कधी आलाच नाही. फोन आला तो दिवाळीनंतर लगेच, मोठी गाडी आणा म्हणून, कारण दोघींऐवजी मंडळ येणार आहे. म्हणजे मी तुला शनिवारच्या बसचं लिहीत होते, साधारण त्याच सुमाराला. त्यांनीही माझ्या तब्येतीची चौकशी केली.

नेहाने तिखटमीठ लावलेलं नाही. तिला या भांडणात घेऊ नकोस.

दुसरं पत्र लिही. नाहीतर लिहू नकोस. पण असलं पुन्हा लिहू नकोस.

विद्युल्लता


धार
२७ डिसेंबर २०२४

ताई,

तुझं पत्र आल्यापासून तीनदा लिहायला बसले आणि फाडून टाकलं. हे फाडणार नाही.

बिबट्या नव्हता. वनरक्षकही नव्हता. ह्यांना मी खरं काही सांगितलंच नव्हतं, त्यांना अजून वाटतं तू आजारी होतीस. रोज विचारतात, ताई कशा आहेत.

मला तुझ्याबरोबर जायचं नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी खरंच नाचले. मग हळूहळू डोळ्यासमोर यायला लागलं की मी त्या उतारावर उभी आहे आणि वळून बघते आहे. तू लिहिलंस, पुढे जा. कशी जाऊ? मी पुढे गेले की सगळ्या बायका म्हणणार, बघा, पांगळ्या बहिणीला मागे टाकून निघाली. कुणी बोललं नाही तरी मला ऐकू येतं ते.

तुला आठवतं का, आई दारात उभी राहून सांगायची, "ताईचा हात सोडू नकोस." मी पहिलीत होते तेव्हापासून. आपण रोज शाळेत उशिरा पोचायचो आणि मी बाहेर उभी राहायचे. तुला बाई आत घ्यायच्या, मला नाही. आठवीत मला पळण्याच्या स्पर्धेसाठी उज्जैनला निवडलं होतं. तुला हे माहीत नाही. सकाळी सरावाला जावं लागणार होतं. आई म्हणाली, मग ताईला शाळेत कोण नेणार. बाबांनी मान खाली घातली. मी सरांना सांगितलं, मला आवडत नाही पळायला.

मी तुझ्यावर कधी रागावले नाही. कुणावर रागावणार, तू काय मुद्दाम केलंस? पण त्या दिवशी तारापूरच्या दरवाज्यातून मी निघाले आणि मागे बघितलंच नाही. बायका हाका मारत होत्या. माझ्या पायांना कुणी थांबवत नव्हतं. सत्तावन्न वर्षांची बाई, आणि दगडांवरून अशी उतरले की खाली पोचेपर्यंत मला तुझी आठवण आली नाही. ताई, तेच मला हवं होतं. थोडा वेळ तुझी आठवण न येणं.

मग खाली जीप दिसली आणि यशवंतरावांनी विचारलं, मोठ्या बाई कुठे आहेत. मला घास गेला नाही. हे खरं आहे, मान किंवा मानू नकोस.

मी फार वाईट केलं. मला माफ कर. संक्रांतीला ये गं. तुझ्यासाठी गुळाच्या पोळ्या करून ठेवीन.

वल्लू


देवास
२० जानेवारी २०२५

वल्लरी,

संक्रांतीला मी आले नाही. पाय दुखत होता म्हणून नाही. यायचं नव्हतं.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी तारापूरला जाऊन आले. नेहा धारहून आली, मी आणि मालनबाई इथून गेलो. तुला कळवलं नाही.

दरवाजा पाहिला आणि मला वाटलं त्यापेक्षा तो लहान निघाला. वाट मात्र मनातल्यापेक्षा उभी. वरचे दगड इतक्या लोकांच्या पायांनी गुळगुळीत झाले आहेत की काठीचं टोक सरकतं. तरी पहिलं वळण मी चांगलं उतरले. दुसरंही. दुबळा पाय, काठी, चांगला पाय. मालनबाई मागे देवीचं नाव घेत होत्या, त्यांनाच जास्त भीती वाटत होती. नेहा पुढे जाऊन दगड हलवून बघायची आणि म्हणायची, "ये वाला पक्का है, मॅडम."

मग ती जागा आली. पावसाने फरशी उचलून नेलेली, सगळे सुटे गोटे. तू लिहिलं होतंस तशीच. मी बसून सरकून पाहिलं. कॅलिपर गोट्यांत अडकायचं आणि पाय भलतीकडे वळायचा. नेहाने हात पुढे केला. म्हणाली, थोडंच आहे, पुढे चांगली वाट आहे, मी धरते.

मी तिथल्या एका कठड्यावर बसले. ऊन अजून आलं नव्हतं. खाली कापसाची शेतं, गावांतून निघणारा धूर, आणि पार शेवटी एक चमकणारी रेघ. नेहा म्हणाली ती नर्मदा. मालनबाई म्हणाल्या कालवा आहे. दोघींचं बराच वेळ चाललं. मी ऐकत होते आणि मला बरं वाटत होतं. वरून कुणी येऊन मला सांगत नव्हतं. मी तिथे होते.

मग मी म्हटलं, "परत फिरू."

नेहा म्हणाली, "मॅडम, पक्का?"

"पक्कं."

चढायला पुष्कळ वेळ लागला. वर पोचलो तेव्हा कॅलिपरखाली कातडं सोललं होतं. यशवंतरावांना फोन केला, तर ते भला मोठा वळसा घालून जेवण वर घेऊन आले आणि आम्ही दरवाज्याच्या सावलीत बसून जेवलो.

तेव्हा तू वाटेबद्दल लिहिलं होतंस ते बरोबर होतं. ती वाट माझ्या पायाची नाही. हे तुला कबूल करते. पण ते मला त्या कठड्यावर बसून कळायला हवं होतं, आणि तसंच कळलं. परत फिरायचं मी ठरवलं. तू ते माझ्याऐवजी घरी बसून ठरवलंस, आणि वर मला तुझे आभार मानायला लावलेस. मी मानले होते, आठवतं? तू आधी जाऊन पाहिलंस म्हणून.

उज्जैनचं वाचून मी खूप वेळ रडले. मला खरंच माहीत नव्हतं. आईने मला विचारलं असतं तर मी टांग्याने गेले असते, शाळा बुडवली असती, काहीही केलं असतं. कुणी विचारलं नाही. तुझ्या पायांवर माझं ओझं घातलं गेलं आणि मला कुणी त्याचा पत्ताही लागू दिला नाही. त्यात तुझी काही चूक नाही. आई गेली, बाबा गेले, आता त्यांच्याशी भांडता येत नाही. पण ते दुःख वेगळं आणि हे वेगळं. त्याच्या बदल्यात हे, असा हिशेब मला जमत नाही.

काय झालं आहे ते सांगते. परवा उमाशंकररावांचा फोन आला. म्हणाले, वल्लरीला ताप आहे, तुमची आठवण काढते. आणि माझ्या मनात पहिला विचार आला, खरंच आहे का? फोन ठेवल्यावर मला माझीच शरम वाटली. मी नेहाला फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की ताप खरा आहे. आजवर तू सांगितलंस की मी मानलं. बस उशिरा आली, दूध नासलं, अमक्याने तमकं म्हटलं, काहीही. तुझा शब्द मला कधी तपासून पाहावा लागला नव्हता. आता लागतो. तू माफी मागितलीस, ती मी दिली आहे असं समज. पण तो विश्वास माझ्या हातात नाही. कधी परत येईल सांगता येत नाही.

ताप उतरला की कळव. गुळाच्या पोळ्या कुणाबरोबर तरी पाठवल्यास तर खाईन.

फेब्रुवारीत मी, नेहा आणि मालनबाई बागलीकडच्या कावडिया पहाडावर जाणार आहोत. वाट बरीचशी सपाट आहे म्हणतात. तुला बोलावत नाही. वाट बंद नाही, कुणी आजारी नाही, गाडीत जागा आहे. मला तुझ्याबरोबर जायचं नाही, एवढंच कारण.

हे वाक्य लिहायला मला जड गेलं, पण लिहून झालं. ऑक्टोबरात तू मला हेच लिहिलं असतंस, तर मी चार दिवस रुसले असते आणि पाचव्या दिवशी फोन करून विचारलं असतं, तारापूर कसं होतं, सांग.

विद्युल्लता